बाजीरावसाहेबांची जाड बॅटरी

दत्ता साडेपाचला उठला. बंगल्यामागच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत बबिता आणि आठवीतली स्नेहल अजून झोपल्या होत्या. त्याने पंप सुरू केला, टाकी भरून पाणी वरच्या नळीतून सांडू लागेपर्यंत अंगणातला ओला पाला खराट्याने कडेला लोटला, मग पंप बंद करून फाटकाची आतली कडी काढून ठेवली. सहाला बबिताने चहा टाकला. साडेसहाला दूधवाला येऊन गेला. सातला स्नेहल छत्री घेऊन शाळेला निघाली. पावणेआठला दत्ताने हात धुतले, व्हरांड्यातली वेताची खुर्ची कोरड्या फडक्याने पुसली आणि बबिताच्या जुन्या साडीची चुंबळ तिच्यावर ठेवली. डोक्यावर हंडा घेताना बायका ठेवतात तशीच ती चुंबळ होती. चार्जरवरून काढलेला मोबाइल त्याने त्या चुंबळीवर जपून बसवला आणि तो खुर्चीसमोर उभा राहिला.

बरोबर आठला फोन वाजला.

"हजर?"

"हजर, साहेब."

"बॅटरी?"

"शंभर टक्के."

"ठीक. स्पीकर चालू ठेव. पाऊस कसा आहे?"

लोणावळ्याला तुंगार्लीतल्या त्या बंगल्यात गेला महिनाभर प्रत्येक दिवस असा सुरू होत होता. बंगल्याचे मालक बाजीरावसाहेब सेवानिवृत्तीपूर्वी चौतीस वर्षे पुण्याच्या एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटरी-रूमचे प्रमुख होते. शहराची वीज जाईल, पंखे थांबतील, लोक अंधारात चाचपडतील. पण टेलिफोन उचलला की त्यात गुणगुण ऐकू आली पाहिजे, हे त्यांच्या आयुष्याचे तत्त्व होते. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल त्यांनी पोटच्या पोरांसारखे सांभाळले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा छोटा बंगला बांधला आणि पत्नी असेतोवर वर्षातले आठ महिने ते इथेच राहिले. आता गुडघे आणि हृदय या दोघांनी मिळून त्यांना पुण्यात मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसवले होते. मुलगा प्रदीप आणि सून चैताली सकाळी आठला कामावर जात आणि संध्याकाळी परत येत. मधल्या वेळात बाजीरावसाहेब टेलिफोनवरून बंगल्यात राहत.

पूर्वी हे राहणे अकरा वाजेपर्यंतच चाले, कारण दत्ताचा फोन अकराला मान टाकी. प्रदीपने वापरून दिलेला तो जुना फोन होता. मागचे झाकण नखाने उघडता येई अशा काळातला. पहिल्यांदा बॅटरी खरोखरच संपली. पुढे ती संपण्यातली सोय दत्ताच्या ध्यानात आली. गेल्या वर्षीची भाताची लावणी त्याने 'बॅटरी गेली होती' या एका वाक्यावर पार पाडली होती.

हे वाक्य बाजीरावसाहेबांना फार लागले. 'बाजाराला गेलो होतो' किंवा 'झोपलो होतो' हे त्यांनी ऐकून घेतले असते. बॅटरी जाणे ही मात्र त्यांच्या लेखी माणसाची चूक होती. जूनमध्ये त्यांनी दत्ताला फोनचे झाकण उघडून आतले आकडे वाचायला लावले आणि आठवड्याने कुरियर आले. पुठ्ठ्याच्या खोक्यात मूळ बॅटरीच्या अडीचपट जाडीची बॅटरी, तिला सामावून घेणारे कुबड असलेले नवे झाकण आणि सुवाच्य अक्षरातले पत्र होते. 'पहिल्यांदा रात्रभर चार्ज करावी. ओल लागू देऊ नये. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये. ती व तिचे झाकण कापडात गुंडाळून मीटरच्या पेटीत ठेवावे. बॅटरी वाईट नसते, निगा वाईट असते.'

बॅटरी बसवल्यावर फोन पाठीवर टेकेना. कासव उलटे पडावे तसा झुलू लागला.

"गाभण दिसतोय," बबिता म्हणाली आणि तिनेच चुंबळ करून दिली.

बाजीरावसाहेबांना व्हिडिओ नको असे. चित्र आले की माणूस ऐकायचे सोडतो, असे त्यांचे मत होते. ते आवाज ऐकत. तासाभराने फोन आपोआप तुटे आणि ते पुन्हा लावत. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की, "बबिता, चार झाल्या, बंद कर," असे खुर्ची सांगे. दर तासाला ती किती वाजले ते सांगे. दूधवाला पैसे न्यायला दिवसा आला, तर खुर्चीला नमस्कार करून बसे. नवरा-बायकोला भांडायचे झाले तर हातवाऱ्यांनी भांडावे लागे. एकदा पाच मिनिटे कोणाचाच आवाज आला नाही, तेव्हा खुर्ची म्हणाली, "भांडण झालं वाटतं. कशावरून?" बबिताने उगारलेले उलथणे खाली ठेवले. बरोबर पाचला बाजीरावसाहेब, "ड्यूटी संपली," म्हणत आणि फोन ठेवत. त्या वेळी दत्ताने टक्के सांगायचे असत. चाळिसाच्या खाली आकडा क्वचितच जाई.

दत्ताच्या दृष्टीने ही बॅटरी फक्त एका आठवड्यापुरती संकट होती, पण तो आठवडा जुलैत होता.

कामशेतजवळच्या वडिवळ्याला दत्ताची भाताची तीन खाचरे होती. तिथली लावणी सहा घरांच्या सावडीवर चाले. प्रत्येक घराने दोन माणसे द्यायची, रोज एका घराची खाचरे लावायची, आणि सहा दिवसांत सहा घरे उरकायची. सावडीत मजुरी चालत नसे. दुसऱ्याच्या चिखलात तुम्ही वाकला असाल, तरच तो तुमच्या चिखलात वाकणार. आजारपण सोडून दुसरे कारण नव्हते, आणि आजारीही दोघांपैकी एकानेच पडायचे होते. बाहेरगावी राहणाऱ्याची पाळी शेवटी, असा रिवाज होता. त्यामुळे दत्ताचा दिवस शनिवार. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत तो आणि बबिता गेले नाहीत, तर शनिवारी त्याचे रोप उभे राहून पिवळे पडणार होते आणि वर्षाचे भात जाणार होते. दुसरीकडे, आधीच्या राखणदाराला प्रदीपने एका दुपारच्या गैरहजेरीवरून काढले होते. नोकरी गेली तर दोन खोल्या जात होत्या, आणि खोल्यांबरोबर स्नेहलची लोणावळ्याची शाळा.

"साहेबांना सुट्टी मागा की," बबिता म्हणाली. पाच वाजून गेले होते, त्यामुळे मोठ्याने बोलता येत होते.

"मागितली असती. मागल्या साली बॅटरी गेली म्हनून सांगितलं. आता इचारतील, मागल्या साली लावनी कुनी केली?"

बबिताने विचार केला. "मंग त्यास्नीच घेऊन जाऊ."

"कुनाला?"

तिने बोट दाखवावे तशी मान खुर्चीकडे वळवली.

सोमवारी स्नेहल शाळेला गेल्याबरोबर दोघे मोटरसायकलवरून निघाले आणि आठला दहा मिनिटे असताना वडिवळ्यात शिदू आबांच्या बांधावर पोचले. दत्ताने बांधावरचा दगड पुसला, त्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर प्लास्टिकच्या पिशवीतला फोन ठेवला आणि पावसाच्या आडोशाला वर इरले उभे केले. मग त्याने जमलेल्या दहा जणांना हात जोडले.

"आज येवढं कराच. बोलू नका."

"लावनी हाये का मयत रं ही?" शिदू आबांची बायको गंगीमावशी म्हणाली. साठ वर्षांत तिने न बोलता एकही रोप लावले नव्हते.

फोन वाजला. हजेरी झाली. बॅटरी शंभर होती. बारा माणसे चिखलात उतरली आणि खाचरात असामान्य शांतता पसरली. रोपांच्या मुठी पायावर आपटून मुळांचा चिखल झाडल्याचा तेवढा फटफट आवाज येत राहिला.

"दत्ता," बांध म्हणाला, "पाण्याचा आवाज फार येतोय."

"बागेत पाणी साचलंय, साहेब. लय पाऊस."

"चिखलातून कोणीतरी चालतंय."

"मीच. मोगऱ्याला आळी करतोय."

"हा एकाच्या पायांचा आवाज नाही. किती माणसं लावलीस मोगऱ्याला?"

दत्ताने मान वर केली. दहा माणसे वाकल्या जागेवरून त्याच्याकडे पाहत होती.

"दोन," तो म्हणाला.

गंगीमावशीने पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलू लागले आणि हातातली मूठ पाण्यात पडली. पलीकडच्या खाचरात शिदू आबा बैलांनी चिखलणी करत होते. नेमका त्याच वेळी उजवा बैल अडला, आणि आबा सवयीने ओरडले.

"बैल आहे का रे?"

"शिरला बागेत, साहेब. हाकलतोय."

"हाकलत नाहीये कोणी," बाजीरावसाहेब शांतपणे म्हणाले. "त्याला वळवतायत. असो. फाटक लावून घे."

दत्ता पुन्हा चिखलात वाकला. पण खरी कसोटी साडेअकराला होती.

"बबिता, आज कुकर नाही?"

बबिता गुडघाभर चिखलात उभी होती. सर्वांत जवळचा कुकर दीड किलोमीटरवर होता. तिने दत्ताकडे पाहिले, दत्ताने आभाळाकडे पाहिले. तेव्हा गंगीमावशीने दोन बोटे धुतली, तोंडात घातली आणि लहानपणी शेरडे राखताना शिकलेली शिट्टी मारली. एक. दम घेऊन दुसरी. तिसरी जरा लांबली. चौथी.

"चार झाल्या. बंद कर."

"केला, साहेब," बबिता म्हणाली.

सगळे बांधावर बसून पोट धरून हसले. पण फोन चालू होता म्हणून आवाज काढता येईना, आणि त्या मुक्या हसण्याने शिदू आबांना ठसका लागला.

"कोण खोकतंय?"

"माळी," दत्ता म्हणाला.

"त्याला म्हणावं, आलं-गूळ घे."

मंगळवारी फारशी भीती उरली नव्हती. बुधवारी सावड आपल्या आवाजात बोलू लागली, कारण बाजीरावसाहेब प्रत्येक खुलासा मान्य करत होते. शेजारच्या बंगल्यातल्या बायका रोज बागेत येतात, हे त्यांना पटले होते. माळ्याशी ते तब्येतीबद्दल बोलत. शिदू आबाही फोनजवळ उकिडवे बसून, "आमचा मोगरा यंदा झ्याक हाये, साहेब," असे सांगत. दहाच्या चहाचा एक पेला इरल्याखाली ठेवला जाऊ लागला. तो निवला की गंगीमावशी पिई. फोनसमोरून जाताना मात्र ती डोक्यावर पदर घेई.

"त्याला दिसत न्हाई, मावशी," दत्ता म्हणाला.

"मला तर दिसतोय न्हवं?" ती म्हणाली.

शिवाय सावडीला घड्याळ मिळाले. एरवी चहाला बसलेली माणसे तासभर उठत नसत. आता इरल्याखालून, "सव्वादहा झाले," असा गंभीर आवाज येई आणि बारा माणसे शाळेतल्यासारखी उठत. रोज अंधार पडेपर्यंत चालणारे काम साडेचारला उरकू लागले. गुरुवारी बाजीरावसाहेबांनी आपणहून सल्ला दिला.

"दत्ता, मोगरा फार दाट लावू नका. वीतभर अंतर ठेवा. आणि खोल दाबू नका, दोन बोटं पुरे. खोल गेला की फुटवे कमी येतात."

शिदू आबा कंबर सरळ करून उभे राहिले आणि दगडाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"मोगऱ्यातलं ह्या मानसाला लय कळतं," ते हळू आवाजात म्हणाले.

शुक्रवारी पाचव्या घराची लावणी साडेचारला संपली. त्यानंतर सगळ्यांनी मिळून दत्ताच्या वाफ्यातले रोप उपटले आणि मुठी बांधून पाण्यात उभ्या केल्या. उपटलेले रोप फार थांबत नाही. दुसऱ्या दिवशी लावलेच पाहिजे. पाचला दोन मिनिटे असताना बाजीरावसाहेब म्हणाले, "उद्या मी फोन करणार नाही."

दत्ताच्या छातीवरचा दगड उतरला.

"उद्या प्रदीपला सुट्टी आहे. डॉक्टरांनीही हो म्हटलंय. आम्ही दोघं बंगल्यावर येतोय. नऊ-साडेनऊपर्यंत पोचू."

दगड परत चढला. पाच दिवसांच्या खोट्याचा भार एकदम सहन न होऊन दत्ता बोलून गेला, "साहेब, एक सांगायचं होतं."

"पाच वाजले," बाजीरावसाहेब म्हणाले. "ड्यूटी संपली. किती टक्के?"

"एकेचाळीस."

"छान." आणि फोन बंद झाला.

बांधावर सभा भरली. सावड रविवारी ढकलावी तर दोन घरांना सोमवारपासून कारखान्यात पाळी होती आणि रविवारी त्यांना स्वतःची कामे होती. शिवाय मुठी पाण्यात उभ्या होत्या.

"शिट्टी मी उद्या पन मारीन," गंगीमावशी म्हणाली. "दहा मारीन. पर मानूस डोळ्यांनी बघायला येतोय, तितं शिट्टी काय करनार?"

सभा तेवढ्यावर उठली; लावणी शनिवारीच ठरली.

शनिवारी दत्ता साडेपाचला उठला. पंप सुरू केला, अंगण झाडले, पंप बंद केला, फाटकाची कडी काढली. बबिताने बारा माणसांचा स्वयंपाक साडेतीनपासूनच आवरला होता. सावडीला जेवण ज्याचे शेत त्याचे असते. भाताचे पातेले आणि आमटीचा डबा तिने दोऱ्यांनी बांधून ठेवला.

"मी थांबते," ती म्हणाली. "तुमी डबं घेऊन जावा. साहेब आलं की चहा करून देते."

"अन् मी कुटं हाये म्हनून सांगशील?"

"बाजारात गेल्यात म्हनीन."

"येवढ्यासाठीच थांबू नगंस."

दत्ताने मोबाइल चार्जरवरून काढला, खुर्ची पुसली, चुंबळ ठेवली, चुंबळीवर फोन ठेवला. मग स्नेहलच्या वहीचे एक पान फाडून तो पायरीवर बसला. अक्षर चांगले यावे म्हणून त्याने बराच वेळ घेतला.

'साहेबांस नमस्कार. फोनची बॅटरी पूर्ण भरलेली आहे. मीच जागेवर नाही. वडिवळ्याला माझ्या खाचरात लावणी आहे. आठवडाभर तिकडेच होतो. मागच्या वर्षीही होतो. मोगऱ्याला कोणी हात लावलेला नाही. किल्ली शेजारच्या बंगल्यात दिली आहे. चहा-साखर जागेवर आहे. दत्ता.'

त्याने कागद फोनखाली सरकवला. वाऱ्याने उडू नये इतका फोन जड होता.

खाचरात पहिली मूठ दत्ता आणि बबिताने मिळून लावली आणि बाकीचे दहा जण मागोमाग उतरले. त्या दिवशी बोलायला कोणतीच आडकाठी नव्हती, तरी कोणी फारसे बोलत नव्हते. शिदू आबा अधूनमधून बांधावरच्या एका रिकाम्या दगडाकडे पाहत. किती वाजले ते कोणालाच कळत नव्हते.

"चहाची येळ झाली का रं?" कोणीतरी विचारले.

"कुनाला म्हाईत," गंगीमावशी चिडून म्हणाली. "सांगनारा घरी ठेवून आलाय ना ह्यो."

पहिले खाचर संपत आले तेव्हा कच्च्या रस्त्याच्या टोकाला एक पांढरी मोटार येऊन थांबली. दत्ताने हातातली मूठ खाली ठेवली नाही. ठेवली असती तर हातांचे काय करावे ते त्याला कळले नसते. प्रदीप उतरला. चेहऱ्यावरून त्याने बंगल्यावरचा कागद वाचला होता हे दिसत होते. पण तो ओरडला नाही, कारण तो डिकीतून वेताची खुर्ची बाहेर काढत होता. खुर्ची डोक्यावर घेऊन, एका हाताने विजार वर धरून, तो बांधावरून घसरत घसरत आला. मागून काठी टेकत बाजीरावसाहेब आले. दत्ताला आवाजावरून ते उंच वाटायचे. विसरलाच होता तो, की साहेब अंगाने लहानखुरे आहेत.

खुर्ची ठेवली गेली. बाजीरावसाहेब बसले. त्यांनी तिन्ही खाचरांवरून सावकाश नजर फिरवली.

"मोगरा कुठवर आला?" त्यांनी विचारले.

मग गंगीमावशी हसली. आठवडाभर दाबलेले हसणे होते ते. तिला चिखलात हात टेकावे लागले.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?" प्रदीप म्हणाला.

"सोमवारी साडेआठपासून. मुठी पायावर झाडत होते. मोगरा कोणी पायावर आपटत नाही." ते थांबले. "आमच्या गावाला, नवलाख उंबऱ्याला, माझी आई लोकांच्या खाचरांत लावणीला जायची. मला असंच बांधावर बसवायची. तिथं आता कारखान्याचं पार्किंग आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर यांनी फोन इथं आणणं थांबवलं असतं. मग मी ऐकलं काय असतं?"

"पण बंगला सोडून आठवडाभर..."

"बंगला जागेवर आहे. आत्ताच आपण त्याला बघून आलो."

दत्ता बांधाशी येऊन उभा राहिला. कोपरापर्यंतचा चिखल ठिबकत होता. "चुकलं, साहेब."

"चुकलंच," बाजीरावसाहेब म्हणाले. "पत्रावर तारीख नाही." मग त्यांनी बायकांकडे पाहिले. "कुकर कोण?"

गंगीमावशीने घाईने डोक्यावर पदर ओढला, तो चिखलाने माखला. "म्या."

"तिसरी लांबली होती."

"दम लागला व्हता, साहेब. वय झालं."

बाजीरावसाहेबांनी मान डोलावली; वयाचे कारण त्यांना मान्य दिसले. प्रदीपने काही बोलायला तोंड उघडले, वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि बुटातला चिखल काढायला तो खाली बसला.

"सोमवारी आठला बंगल्यावर," बाजीरावसाहेब दत्ताला म्हणाले.

"व्हय, साहेब."

मग त्यांनी कोटाच्या एका खिशातून दत्ताचा फोन काढला आणि दुसऱ्यातून कापडाची एक लहान गुंडाळी. दत्ताने ती ओळखली. मीटरच्या पेटीतली होती. त्यांनी गुंडाळी मांडीवर उलगडली, फोनचे कुबड असलेले झाकण नखाने उघडले, जाड बॅटरी बाहेर काढली, रुमालाने तिचे टोक पुसले आणि तिच्या जागी जुनी, पातळ बॅटरी बसवली. पातळ झाकण लावले. ते बसल्याचा आवाज येईपर्यंत अंगठ्याने सर्व बाजूंनी दाबले. फोन सुरू करून तो खुर्चीच्या हातावर ठेवला. तो आता न झुलता सपाट राहिला.

"ही अकराला जाते ना?"

खोटे सांगायची सवय इतकी ताजी होती की दत्ताला खरे उत्तर द्यायला एक क्षण लागला. "व्हय, साहेब. अकराला जाते."

"जाऊ दे," बाजीरावसाहेब म्हणाले. त्यांनी जाड बॅटरी कापडात गुंडाळली, कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि खिशाचे बटण लावले. "भात झोडायला घ्याल तेव्हा कळव. ऐकायला ही कुरियरनं पाठवीन."

नंतर त्यांनी मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ नेले. चहाची वेळ केव्हाच उलटून गेली होती, हे त्यांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले.